'एकूण' या ओळीबद्दल : निवड समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

नेमणुका, बढत्या, पुरस्कार आणि अनुदानं ठरवणाऱ्या समित्यांवर आपण बसता. प्रत्येक उमेदवाराच्या फायलीत शेवटी एक तक्ता असतो. पेपर किती, सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत त्या पेपरांचे दिलेले हवाले) किती, एच-इंडेक्स किती. हा तक्ता ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून कुणीतरी तयार करतं, आणि आमच्याकडे गेली बरीच वर्षं ते काम माझ्याकडे आहे. आपण मला ओळखत नाही. त्यात गैर काही नाही, तक्ता करणाऱ्याची सही तक्त्यावर लागत नाही. पण त्या तक्त्याच्या तळाशी 'एकूण' अशी एक ओळ असते, तिच्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. ती ओळ मी आजवर असंख्य वेळा भरली आहे. एकाहून अधिक क्षेत्रांत काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा दिशाभूल करते, आणि तीही बेरीज बरोबर असताना.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत, हिशोब जसाच्या तसा आहे.

एका निवडीच्या वेळी एका बाईंची फाईल आली. बाई मूळच्या संख्याशास्त्राच्या. पुढे त्या जुन्या हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत शिरल्या. एकाच ग्रंथाच्या पन्नास प्रती सापडल्या, तर कुठली प्रत कुठलीवरून उतरवली हे नकलणाऱ्यांच्या चुकांवरून ताडायचं, आणि त्या चुकांचं गणित मांडून प्रतींची वंशावळ काढायची, असं ते काम. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन टोकं वाटतात. बाईंच्या लेखी प्रश्न एकच होता : चूक एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते.

डेटाबेसमध्ये मात्र त्या तीन बाई होत्या. एक लग्नाआधीच्या आडनावाची, एक नंतरच्या, आणि तिसरी नुसत्या आद्याक्षरांची. तिसरीच्या नावावर कुणा भलत्याच रसायनशास्त्रज्ञाचे अकरा पेपर चिकटले होते, कारण त्यांचीही आद्याक्षरं तीच. दीड दिवस घालवून मी तिघींची एक केली आणि रसायनशास्त्रज्ञाला बाहेर काढलं. तो बाहेर पडला तशी बाईंची सायटेशन्स निम्म्याहून खाली आली. (ऑर्किड क्रमांकाची, म्हणजे संशोधकाला एकच कायमची ओळख देणाऱ्या क्रमांकाची, सोय २०१२ पासून आहे आणि तो फुकट मिळतो. पण मागचे पेपर आपणहून त्याला जोडले जात नाहीत, ते संशोधकानं स्वतः बसून जोडावे लागतात, आणि बाईंनी ते केलेलं नव्हतं. किती जण करतात?)

उरलं ते असं. संख्याशास्त्रात सात पेपर, त्यांची सायटेशन्स ४०, ३१, २२, ९, ६, ६, २. पाठचिकित्सेत पाच पेपर, त्यांची १२, ७, ४, ३, १. शिवाय एक संपादित संहिता, नऊ वर्षं खपून केलेली. त्या डेटाबेसमध्ये पुस्तकं घेतलेली नव्हती, त्यामुळे संहितेसमोर शून्यसुद्धा लिहिता येईना. शून्य लिहायलाही ओळ लागते.

आता एच-इंडेक्स. सहा पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान सहा सायटेशन्स आहेत, पण किमान सात सायटेशन्सवाले सात पेपर नसतील, तर एच सहा. संख्याशास्त्रात बाईंचा एच सहा आला. पाठचिकित्सेत तीन. आणि बाराही पेपर एकत्र घेतले तर? पुन्हा सहा. आपण कागदावर उतरत्या क्रमानं मांडून पाहा : ४०, ३१, २२, १२, ९, ७, ६... सातव्या पेपरला सात सायटेशन्स हवीत, आहेत सहा. म्हणजे पाच पेपर आणि सत्तावीस सायटेशन्स जमेला धरूनही 'एकूण' जागचा हलला नाही. बाईंनी हस्तलिखितांना हातच लावला नसता तरी तो सहाच आला असता. आणि ती सगळी वर्षं त्यांनी संख्याशास्त्रातच घालवली असती, तर बहुधा सहाच्या बराच वर गेला असता.

बैठकीच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते, काही शंका निघाली तर असावं म्हणून. मला आत बोलावलं. एका सदस्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "एकूण सहाच ना?" मी म्हटलं, "हो." मला जायला सांगितलं. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि ते दिल्याचं मला अजून चैन नाही.

नंतर एका दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना, मी बाईंच्या दोन पेपरांची सायटेशन्स एकेक करून उघडून पाहिली. चाळीसवाला आणि बारावाला. चाळिसांतली बहुतेक सायटेशन्स लेखाच्या पहिल्या परिच्छेदात होती. 'या विषयावर अनेकांनी काम केले आहे' असं वाक्य, आणि पुढे कंसात सात-आठ नावं, त्यात बाईंचं एक. हजेरी लावल्यासारखं. बारांपैकी तीन ठिकाणी मात्र बाईंची पद्धत लेखाच्या पोटात होती. एका संपादकानं तर तिच्या आधारानं आपला प्रतींचा अख्खा वंशवृक्ष पुन्हा काढला होता आणि मुख्य मानलेली प्रत बदलली होती. तक्त्यात हजेरीचं एक सायटेशन आणि मुख्य प्रत बदलणारं एक सायटेशन यांची किंमत सारखीच, एक. हे कळायला मला फक्त एक दुपार लागली. समितीकडे तेवढी एक दुपार का नसावी, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या धंद्यातली एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. युजीन गारफील्ड या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. ही कल्पना त्यांना सुचली ती वकिलांच्या एका साधनावरून. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्‌स सायटेशन्स' नावाची सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा हवाला पुढे कुठकुठल्या खटल्यांत दिला गेला ते तीत सापडे. पण वकिलाला नुसता हवाल्यांचा आकडा काय कामाचा? पुढच्या न्यायालयानं तो निकाल मान्य केला की फिरवला, हे त्याला हवं असायचं, आणि त्यासाठी सूचीत खुणेची अक्षरं असायची. विज्ञानाच्या सूचीनं हवाले घेतले, खुणा तिथेच राहिल्या. गारफील्ड यांचा हेतू एका पेपरवरून त्याच्याशी नातं असलेले दुसरे पेपर शोधता यावेत हा होता. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, तोसुद्धा मुळात सूचीत कुठली जर्नल्स घ्यायची ते ठरवायला निघाला. म्हणजे ही सगळी आम्हा ग्रंथपालांची हत्यारं. ती आमच्या कपाटातून आपल्या टेबलावर कधी आली, आणि माणसांवर कधी चालू लागली, ते आम्हालाही नीटसं कळलं नाही.

खुणा गेल्यामुळे काय होतं पाहा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडू पाहणारा १९९८चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर जगभर बदनाम झाला, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्याची सायटेशन्स हजाराच्या वर आहेत. त्यांतली बरीचशी तो चूक होता हे सांगणारी. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखी.

एच-इंडेक्स तर अगदी अलीकडचा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी तो २००५ मध्ये मांडला, आणि मांडताना भौतिकशास्त्रासाठी अंदाजही दिला : बाराच्या आसपास एच असेल तर सहयोगी प्राध्यापक म्हणून कायम करायला हरकत नाही, अठराच्या आसपास असेल तर प्राध्यापक. जीवशास्त्रात हे आकडे बरेच वर जातात, हेही त्यांनी त्याच लेखात नोंदवलं होतं. बारा आणि अठरा लोकांच्या लक्षात राहिले, पुढचं वाक्य राहिलं नाही. २०२० मध्ये तर हिर्श यांनी स्वतःच लिहिलं, की हा निर्देशांक सपशेल फसूही शकतो आणि त्याचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. ज्यानं माप काढलं त्यानं जाहीरपणे कानाला हात लावला. आपल्या तक्त्यात मात्र तो रकाना अजून तिथेच आहे, ठळक अक्षरांत.

क्षेत्रागणिक आकडे इतके वेगळे का, हे आपल्यातल्या प्रत्येकाला आपापल्या क्षेत्रापुरतं ठाऊक असतं. अडचण दुसऱ्याच्या क्षेत्राची असते. रेणवीय जीवशास्त्रातल्या लेखाच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ सहज असतात, शुद्ध गणितात पंधरा-वीसवर भागतं. जिथे देणारेच कमी देतात, तिथे घेणाऱ्याला मिळणार किती? गणितात तीस वर्षांपूर्वीचा पेपर आज कुणी काढून वाचतो, काही क्षेत्रांत पाच वर्षांत पेपर शिळा होतो, आणि इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो फक्त मागच्या दोन वर्षांचे लेख. संगणकशास्त्रात चांगलं काम परिषदांत मांडलं जातं, इतिहासात आणि भाषांत पुस्तकात. लेखकांच्या क्रमाचाही असाच घोळ. जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणितात आणि अर्थशास्त्रात बहुधा आडनावांच्या वर्णानुक्रमानं. तिथे 'प्रथम लेखक' हा रकाना भरताना मला हसू येतं. तो रकाना त्या माणसाच्या आजोबांचं आडनाव मोजत असतो. आणि कणभौतिकीत २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक पेपर निघाला, त्याला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची यादी. त्यातल्या प्रत्येकाच्या तक्त्यात तो 'एक पेपर' म्हणून येतो, एकट्यानं नऊ वर्षं घालवून लिहिलेल्या एका पेपरइतकाच.

यावर उपाय म्हणून 'क्षेत्रानुसार समायोजित' आकडा देतात. जगाची सरासरी एक धरायची, आणि माणूस तिच्या किती पट ते सांगायचं. कल्पना चांगली, एका क्षेत्रात राहणाऱ्यांसाठी बऱ्यापैकी चालते. पण क्षेत्र ठरवतं कोण? बहुधा जर्नल. बाईंचा पाठचिकित्सेवरचा एक पेपर संगणकीय पद्धतींच्या जर्नलमध्ये आला होता, म्हणून त्याची तुलना संगणकवाल्यांच्या सरासरीशी झाली आणि तो सामान्य ठरला. तोच पेपर भाषाविषयक जर्नलमध्ये आला असता, तर त्याच चार सायटेशन्सवर तो सरासरीच्या कितीतरी वर दिसला असता. पेपरातलं एक अक्षरही न बदलता.

जगातल्या 'आघाडीच्या २ टक्के' संशोधकांची जी यादी दरवर्षी वर्तमानपत्रांत गाजते, तिचं उदाहरण घ्या. ती करणाऱ्यांनी एका परीनं काळजी घेतली आहे. स्वतःची सायटेशन्स वगळून वेगळा हिशोब दिला आहे, एकट्यानं लिहिलेल्या आणि पहिल्या-शेवटच्या नावाच्या पेपरांना वेगळं वजन दिलं आहे, क्षेत्रं २२ आणि उपक्षेत्रं १७४ पाडली आहेत. तरी क्रम लावताना एका माणसाचं एकच मुख्य उपक्षेत्र धरलं जातं. दोन ठिकाणी काम करणारा माणूस एका ठिकाणी पूर्ण ताकदीनं खेळणाऱ्यांच्या रांगेत अर्ध्या ताकदीनिशी उभा राहतो.

एकदा हौसेखातर मी गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींचा तक्ता करायला घेतला. निवड समितीपुढे त्यांची फाईल आली असती तर मी काय लिहिलं असतं, एवढंच पाहायचं होतं. पहिला गोंधळ नावातच. वडील धर्मानंद, पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक. मुलगा दामोदर. आडनाव अधिक पहिलं आद्याक्षर असं शोधलं की 'डी. कोसंबी' म्हणून बापलेक एकाच ओळीत येतात. त्यात दामोदररावांनी काही गणिती पेपर 'एस. डुक्रे' या टोपणनावानं छापलेले. ते जोडायचे तर आधी ठाऊक असायला हवेत. यंत्राला ते ठाऊक असण्याचं कारण नाही.

मग जनुकशास्त्र. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र कोसंबींनी दिलं, अवघ्या चार पानांच्या पेपरात. ज्या खंडात तो आहे त्याचं साल कुणी १९४३ लिहितात, कुणी १९४४, त्यामुळे एकाच पेपरची सायटेशन्स दोन ठिकाणी विभागली जातात. आणि ही झाली सायटेशन देणाऱ्यांची गोष्ट. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारी सॉफ्टवेअरं असतात, त्यांत अंतर मोजायला दोन पर्याय हमखास दिसतात : हाल्डेन किंवा कोसंबी. संशोधक त्यातला एक टिचकी मारून निवडतो, लेखात 'कोसंबी फंक्शन वापरले' असं लिहितो आणि पुढे जातो. मूळ पेपरचा संदर्भ देतोच असं नाही. काम इतकं मुरलं की कर्त्याचं नाव क्रियापदासारखं वापरात आलं, आणि नेमकं म्हणूनच मोजणीतून गळलं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची दखल फार पूर्वी घेतली आहे. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

१९४३ मध्येच त्यांचा यादृच्छिक फलनांवरचा (ज्यांच्या किमती योगायोगावर ठरतात अशा फलनांवरचा) एक पेपर आला. त्यातली कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्या दोघांच्या नावानं रुळली. आता काही जण कोसंबींचं नाव पुढे जोडतात, बरेच जण जोडत नाहीत. मग नाणी. आहत नाणी, म्हणजे ठसे मारून पाडलेली प्राचीन नाणी, हातोहात फिरताना झिजतात, म्हणून वजनावरून त्यांचा काळ ताडता येईल, या विचारानं त्यांनी हजारो नाणी तोलली. संख्याशास्त्र आणि इतिहास एकाच तराजूत. मग भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, १९४८. मग भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ, १९५६, ज्यानं या देशातल्या इतिहासलेखनाची वाट बदलली. पुस्तकं असल्यानं ही दोन्ही माझ्या डेटाबेसला अदृश्य.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, की रीमानचं गृहीतक, म्हणजे गणितातला एक प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न, त्याबद्दलचा त्यांचा दावा, जो त्यांनी चक्क कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला, तो टिकला नाही. चार क्षेत्रांत फिरणारा माणूस चारही ठिकाणी बरोबर असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. काही जण तर कुठेच मूळ धरता येत नाही म्हणून फिरतात, तसेही तक्ते मी केले आहेत. पण कोण फिरस्ता आणि कोण प्रश्नाचा पाठलाग करत कुंपण ओलांडणारा, हे 'एकूण' या ओळीला कळत नाही. तिच्या दृष्टीनं दोघेही सारखेच कमजोर.

कोसंबींचा तक्ता मी अर्ध्यात सोडला. जनुकशास्त्रज्ञाला त्यातली एक ओळ कळली असती, इतिहासकाराला दुसरी, संस्कृतच्या पंडिताला तिसरी. बेरीज कुणालाच कळली नसती.

आता आपली बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका. आपल्यापुढे ऐंशी फायली असतात आणि एक दिवस. आणि आकडे काढून टाकले तर त्यांच्या जागी काय येतं, ते मी पाहिलं आहे. 'आमचा विद्यार्थी आहे', 'मुलगा चांगल्या घरचा आहे', 'अमुक सरांचा फोन आला होता'. ज्याचा कुणी वाली नाही अशा उमेदवाराला कधीकधी तक्त्यातल्या आकड्यानंच तारलं आहे. नुसता आकडा पाहून एका सदस्यांना आपलं मत बदलावं लागलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमानही वाटला होता. म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणणार नाही. वशिल्यापुढे आकडा परवडला.

पण आकड्याचाही वशिला लागतो, हे आता लपून राहिलेलं नाही. २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञांनी 'आइक अंतकारे' नावाचा एक संशोधक जन्माला घातला. यंत्रानं लिहिलेले निरर्थक लेख, एकमेकांची सायटेशन्स देणारे. गूगल स्कॉलरवर या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ झाला. हा गमतीचा प्रयोग होता. पुढची गोष्ट गमतीची नाही. सर्वाधिक सायटेशन्स मिळवणाऱ्या संशोधकांची यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनं २०२३ साली गणित हा विषयच यादीतून वगळला, कारण तिथल्या आकड्यांत फेरफार करणं फार सोपं होऊन बसलं होतं. क्षेत्र लहान, सायटेशन्स कमी, त्यामुळे मूठभर लोकांनी आपसांत ठरवलं तरी माणूस वर जातो.

आणि लबाडी नसतानाही आकडा कसा उड्या मारतो ते पाहायचं असेल, तर स्फटिकशास्त्रातलं 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' हे जर्नल पाहा. २००८ साली त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर होता २.०५१, २००९ साली झाला ४९.९२६. एका वर्षात जर्नल चोवीस पट चांगलं झालं? जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या आपल्या 'शेलएक्स' या प्रोग्रॅमांबद्दल त्यात एक पेपर लिहिला होता, आणि प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा पेपर देता येईल असं सुचवलं होतं. वापरणारे हजारो होते, त्यांनी इमानानं दिला. पेपर खरोखर उपयोगी. पण त्या वर्षी त्याच जर्नलमध्ये ज्यांचे दुसरे लेख आले होते, त्या सगळ्यांच्या तक्त्यात माझ्यासारख्या कुणीतरी ४९.९२६ लिहिलं असणार. काहीजणांची बढती त्यावर झाली असेल, कोण जाणे. मला त्यांचा हेवा वाटत नाही, पण जे तेव्हा शेजारच्या जर्नलमध्ये छापून आले त्यांची दया येते.

या सगळ्यावर जाहीरनामे निघाले आहेत आणि आपल्यातल्या काहींच्या संस्थांनी त्यांवर सह्याही केल्या आहेत. २०१३चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस मोजू नका असं सांगतो. २०१५चा लायडन जाहीरनामा दहा तत्त्वं सांगतो, त्यांत क्षेत्राक्षेत्रांतला फरक ध्यानात घ्या हेही आहे. सही केल्याची बातमी संकेतस्थळावर झळकते, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे मागणी येते ती जुन्याच नमुन्यात, 'एकूण'सकट. जाहीरनाम्याचं नाव काढलं की सांगतात, नमुना वरून आला आहे. वर कोण आहे ते मला अजून सापडलेलं नाही. मला वाटतं, वर आपणच आहात.

मग मागणं काय? फार नाही. ज्या उमेदवाराचं काम दोन-तीन क्षेत्रांत आहे, त्याच्या तक्त्यात प्रत्येक क्षेत्राची वेगळी ओळ असू द्या, आणि त्या ओळीशेजारी त्याच क्षेत्रातल्या, त्याच वयाच्या पेपरांना साधारण किती सायटेशन्स मिळतात ते मला लिहू द्या. क्षेत्र कुठलं ते जर्नलवरून ठरवण्याआधी उमेदवाराला विचारू द्या. पुस्तक, संहिता, प्रोग्रॅम, शब्दकोश यांना ओळ द्या, आकडा नसला तरी चालेल. उमेदवाराला आपल्या कामांपैकी कुठलीही तीन निवडू द्या आणि प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहू द्या : यात नवीन काय होतं, आणि कुणी ते उचलून पुढे नेलं. त्या तिन्ही कामांची सायटेशन्स मी उघडून पाहीन, हजेरीची किती आणि पोटातली किती ते सांगेन. दर उमेदवारामागे माझी एक दुपार जाईल. ऐंशींसाठी हे जमणार नाही, मान्य. शेवटच्या आठांसाठी जमेल. आणि त्या आठांचं निवडलेलं एक तरी काम समितीतल्या एका तरी माणसानं मुळातून वाचलेलं असावं, एवढी अपेक्षा ठेवली तर उद्धटपणा होईल का? त्या क्षेत्रातलं समितीत कुणी नसेल, तर बाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. बाईंच्या वेळी समितीत पाचही जण विज्ञान शाखेचे होते. त्यांच्या पाठचिकित्सेबद्दल कुणी वाईट बोललं नाही. कुणी काही बोललंच नाही.

बाईंची निवड झाली नाही. ज्यांची झाली ते लायक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा एच अकरा होता, सगळा एकाच क्षेत्रातला. दोघांच्या कामाची तुलना होऊन तसं ठरलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण अकरा आणि सहा यांची तुलना झाली, आणि तो सहा माझ्या हातचा होता.

म्हणून हे कळवते आहे. यापुढे एकाहून अधिक क्षेत्रांत काम असलेल्या उमेदवाराच्या तक्त्यात मी सगळ्या ओळी भरीन, पेपरागणिक सायटेशन्स लिहीन, तारीख आणि डेटाबेसचं नाव घालीन. 'एकूण'समोर रेघ असेल. नमुना अपुरा आहे म्हणून फाईल परत पाठवलीत तरी ती तशीच पुन्हा येईल. बेरीज हवीच असेल तर आकडे वर दिलेलेच असतील, पेन आपल्यापाशी असेलच. फक्त ती बेरीज आपल्या हस्ताक्षरात असेल. काही विचारायचं झालं तर मी बाहेरच्या बाकावर आहे.

आपली नम्र,
संदर्भ विभागातील एक ग्रंथपाल